सावळखिंडची पायवाट

१

सकाळी खाली वर्कशॉपचं शटर उघडायच्या आधीच क्रांती माळ्यावर पोचलेली असे. कुपवाडच्या त्या गाळ्यात खाली तिच्या वडिलांची, लालासाहेबांची, दोन लेथ मशिनं होती. वर लोखंडी जिन्याने गेलं की दहा बाय बाराची खोली. पूर्वी तिथे रिकामी खोकी पडलेली असत. आता मधोमध एक टेबल होतं, टेबलावर दोन फूट लांब आणि एक फूट रुंद अशी प्लायवूडची फळी, आणि त्या फळीवर सावळखिंड.

सावळखिंड म्हणजे कवठे महांकाळच्या पलीकडचा, नॅरोगेजच्या काळातला एक थांबा. बुटका फलाट, एक दगडी खोली, एक बाभळ. छोटी गाडी बंद होऊन पंधरा वर्षं झाली, नवे रूळ दुसरीकडून गेले, आणि ती दगडी खोली येत्या सोमवारी पाडायची ठरली होती. क्रांतीला ते मान्य नव्हतं. तिला जे मान्य नसे त्याबद्दल ती अर्ज करी, आणि अर्जाला उत्तर येईपर्यंत तिला दम निघत नसे. तिसऱ्या अर्जानंतर मिरजेच्या कार्यालयातले साहेब फोनवर म्हणाले होते, "मॅडम, पडक्या खोलीचे फोटो बघून वरचं कुणी थांबवणार नाही. ती चालू होती तेव्हा कशी दिसायची, असं काही असेल तर शुक्रवारी बारापर्यंत पाठवा. बैठकीत ठेवतो."

चालू असतानाचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. मग क्रांतीने ठरवलं, थांबाच बांधायचा. सत्त्याऐंशी पट लहान. त्यावर आपण हौसेने जोडलेलं छोटं इंजिन आणि दोन डबे उभे करायचे, दिव्याने तिरपं ऊन पाडायचं, आणि असा फोटो काढायचा की बघणाऱ्याने गाडी सुटायच्या भीतीने घड्याळ बघावं.

हे तिला जमणार याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती. थर्माकोल कापून तिने उंचवटे केले, प्लास्टर ओतलं, तारा पिळून बाभळ केली. खरी अडचण मातीची. फोटो काढताना कॅमेरा इतका जवळ येतो की मोहरीएवढा खडा धोंडा दिसतो. कितीही चाळली तरी साधी माती ढेकळांचं रान वाटते. यावर तिला उपाय सापडला तो रविवारी, खुद्द सावळखिंडीत. वाडीवरून फलाटाकडे येणारी एक पायवाट होती. वर्षानुवर्षं माणसांच्या पायांनी दळून दळून तिथली माती पिठासारखी झाली होती. चाळायचीसुद्धा गरज नाही.

वाटेच्या वाडीकडच्या तोंडाशी बोराटीची काटेरी फांदी आडवी टाकून वर धोंडा ठेवलेला होता. वाट बंद केलीय, इकडून जाऊ नका, हे सांगायची त्या मुलखातली रीत.

"तितली नगं, पोरी," आप्पासो म्हणाले. एकतीस वर्षं ते या रुळांवर गँगमन होते. थांब्यावर काय कुठे होतं ते दाखवायला क्रांतीने त्यांना बरोबर आणलं होतं. "वड्यातली घे."

"आप्पा, ओढ्यात वाळू आहे. मला पीठ पाहिजे, पीठ!"

"बंद वाट हाय ती."

"पंधरा वर्षांत कोण चाललंय तिच्यावरून?" असं म्हणत तिने पायानेच धोंडा लोटला, फांदी बाजूला ओढली आणि पिशवी गच्च भरली. पिशवीचं तोंड धरायला आप्पासो पुढे आले नाहीत.

पंधरा वर्षांत त्या वाटेवर गवताची काडी उगवली नव्हती. क्रांतीला तेव्हा एवढंच वाटलं की बरं झालं, निवडत बसायला नको.

२

माती तव्यावर भाजून तिने सोमवारी सकाळी पसरली आणि वरून पातळ डिंक फवारला. संध्याकाळपर्यंत फळी सुकून कडक झाली. बोटाने दाबलं तरी कण हलत नव्हता.

मंगळवारी सकाळी मातीवर एक फिकट रेघ होती.

काडेपेटीतल्या काडीइतकीही रुंद नाही. फळीच्या डाव्या कडेपासून निघून, जराशी वळत, फलाटाच्या उतारापाशी थांबलेली. क्रांतीने वाकून बघितलं. डिंक असमान सुकला की असे पट्टे पडतात. तिने चमचाभर माती भुरभुरवली, डिंक मारला, रेघ बुजवली आणि खोलीच्या छपरावर कौलं चढवायला घेतली. नखाएवढं एकेक कौल कागदातून कापायचं होतं. दिवसभरात तिने एकशे चाळीस कौलं बसवली आणि रेघेचा विचार एकदाही केला नाही.

बुधवारी रेघ परत आली होती. त्याच जागी. या वेळी ती नुसती फिकट नव्हती, खोलगट होती.

"काय गं क्रांते, झालं का तुजं इस्टेशन?" लालासाहेब चहाचा पेला घेऊन जिना चढून आले. फौजेत हवालदार होते, अजून जिन्यावर त्यांची पावलं एका तालात पडत. "इंजिनेर व्हऊन मातीत खेळतीयास म्हणं. खालचा कारागीर हसतोय."

"हसू दे. याला स्केल मॉडेल म्हणतात, पप्पा."

"आमच्या पलटणीत बी असायचं असलंच. वाळूचं. त्यावर सायब काठी फिरवायचा अन् मग आमी खऱ्या डोंगरावर मरायला जायचो." ते फळीवर वाकले. "वाट मात्र झ्याक केलीस बग. खरी वाटतीया."

"मी नाही केली ती. डिंक आकसून झालीय."

"आकसून?" लालासाहेबांनी चहाचा घोट घेतला. "आकसून वाट नीट फलाटावर जाती व्हय गं?"

क्रांतीला राग आला. बापाचा नव्हे, प्रश्नाचा. प्रश्न बरोबर होता.

३

ती शिकलेली मुलगी होती. तिने पद्धतशीर काम केलं.

मुंग्या? माती भाजलेली होती. तरीही तिने टेबलावर फळीच्या चारी बाजूंनी टाल्कम पावडरचा हातभर पट्टा ओढला. मुंगी आली तर पावडरीत माग राहील. पाल आली तर शेपटीची रेघ राहील. खालच्या लेथची थरथर? तिने फळीखाली स्पंज घातला. आणि शेवटची युक्ती तिची तिलाच फार आवडली. तारेचं एक काटेरी झुडूप तिने बरोबर त्या रेघेवर रोवलं. डिंक आकसत असेल तर रेघ झुडपाखालून जाईल. डिंकाला झुडूप दिसत नाही.

मग भिंग घेऊन ती बराच वेळ रेघ बघत राहिली. कडा गोलसर होत्या. मधली माती दबून चकचकीत झाली होती, बाजूला बारीक भुकटी साचली होती. वाट अशीच होते. एका दिवसात होत नाही, आणि कुणी काढून होत नाही.

दुपारी खाली लेथ बंद झालं, कारागीर जेवायला गेले आणि गाळा शांत झाला. तेव्हा तिला पहिल्यांदा आवाज आला. कागदावर साखर ओतावी तसा, पण फार थोडी साखर, फार हळू. तिने मान वर केली तसा तो थांबला. पत्रा तापतोय, ती मनाशी म्हणाली. एप्रिलमध्ये पत्रा बोलतोच.

गुरुवारी सकाळी वाट झुडपाला वळसा घालून गेलेली होती.

थोडा नव्हे, काटा लागू नये इतका वळसा. पुढे जाऊन पुन्हा आपल्या जुन्या रेघेला मिळालेली. टेबलावरची पावडर जशीच्या तशी होती, तिच्यावर केसाचीही खूण नव्हती. वाट फळीच्या कापलेल्या कडेपासून सुरू होत होती. त्या कडेअलीकडे काहीच नव्हतं.

आणि तिने आणखी एक पाहिलं, जे ती दोन दिवस बघत असूनही तिच्या लक्षात आलं नव्हतं. भुकटी सगळी एकाच अंगाला, पावलांमागे उडते तशी फळीच्या कडेकडे उडालेली होती. वाट फलाटाकडे जात होती. फलाटावरून कुणी परत आलेलं नव्हतं.

तिने आप्पासोंना फोन लावला.

४

आप्पासो दुपारच्या एसटीने आले. माळ्याच्या दाराशी त्यांनी चपला काढल्या. क्रांती नको नको म्हणत होती तरी काढल्या. फळीजवळ मात्र आले नाहीत. चार पावलांवरून मान लांब करून त्यांनी बघितलं.

"आप्पा, वाडीवरून थांब्याला यायची वाट फलाटाजवळ नेमकी कशी वळायची?"

त्यांनी हवेत बोट धरलं आणि फिरवलं. बोट न टेकवता बरोबर त्या रेघेवरून गेलं. फक्त झुडपापाशी सरळ गेलं, कारण खऱ्या सावळखिंडीत तिथे झुडूप नव्हतं.

"हे वळण मी रविवारी बघितलं नव्हतं, तुम्हीही सांगितलं नव्हतं."

"न्हाई."

"मग मी कशी केली?"

"तू कुटं केलीस?"

खाली कुणीतरी लोखंड घासायला घेतलं होतं. तो आवाज क्रांतीला बरा वाटला.

"ती बोराटी तिथे कुणी टाकली होती?"

"म्या." आप्पासो भिंतीला टेकून खाली बसले. "गाडी बंद झाली, तरी लोकं येत व्हती फलाटावर."

"सवयीने येत असतील वाडीतले."

"वाडीतले न्हवं, ताई. वाडीतल्यास्नी मी वळखत न्हाई व्हय?" त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मिरजंच्या दवाखान्याला जाणारी गाडी व्हती ती. समदी आजारी माणसं त्याच गाडीनं जायची. तसली लोकं, मिरजंला कवाच न पोचल्याली. वळीनं बसायची. गाडीच्या टायमाला उटून हुबी ऱ्हायची. चार दीस बगितलं. पाचव्या दिशी बोराटी टाकली, वर धोंडा ठिवला. मग आली न्हाईत."

"तुम्ही विचारलं नाही, कोण म्हणून?"

"इचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी," आप्पासो म्हणाले. "म्हून न्हाई इचारलं."

तिच्या डोक्यात एकाच वेळी दोन गोष्टी होत्या. एक, म्हातारा माणूस एकटा राहतो, त्याला भास झाले असणार. दोन, उद्या बारा वाजेपर्यंत फोटो.

"येवडं ऐक," आप्पासो म्हणाले. "त्या फळीवर गाडी हुबी करू नगंस."

"गाडीशिवाय फोटो कसला, आप्पा? आणि फोटो नाही गेला तर सोमवारी खोली पडणार. तुमची एकतीस वर्षं आहेत तिथे!"

"माजी हायत न्हवं? मग मला इचारलंस का कवा, खोली ठिवायची का पाडायची?"

तिने विचारलं नव्हतं. तिन्ही अर्जांची सुरुवात तिने त्यांच्या नावाने केली होती. 'आप्पासो यांच्यासारख्या कष्टकऱ्यांच्या आठवणींसाठी' हे वाक्य तिला फार आवडलं होतं. पण विचारलं नव्हतं.

"मग पडू द्यायची?"

"पडू दे. बसायला जागाच न्हाई ऱ्हायली म्हंजी वाट बगायला बी कोन येनार न्हाई."

"आप्पा, तुम्ही घाबरलात म्हणून मी एक इमारत जमीनदोस्त होऊ द्यायची का?" ते जरा जोरात बोललं गेलं. "उद्या फोटो जाणार."

आप्पासो उठले, चपला पायात सरकवल्या. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून म्हणाले, "हुबी केलीस, तर मग मदीच सोडून जाऊ नगंस."

५

शुक्रवारी आठ वाजता तिने खिडकीला काळं कापड लावलं, दिवा डावीकडे तिरपा केला आणि रुळांवर इंजिन ठेवलं. मागे दोन डबे. दोन बोटांत मावणारे, रिकामे, काडेपेटीपेक्षा हलके.

गाडी फलाटाला लागली आणि चित्र पुरं झालं. भिंगातून बघितलं तर फळी नव्हतीच. एक थांबा होता, उतरतं ऊन होतं, आणि थोडा वेळच थांबणारी गाडी होती. याला कोण पाडा म्हणेल?

असा फोटो एका फटक्यात निघत नाही. इंजिन स्पष्ट आलं की मागची बाभळ धूसर होते. म्हणून कॅमेरा जराही न हलवता फोकस थोडा थोडा मागे सरकवत एकोणीस फोटो घ्यायचे. मग संगणक त्या सगळ्यांतला स्पष्ट भाग तेवढा उचलून एक फोटो जुळवतो. प्रत्येक फोटोला दहा सेकंद. क्रांती बोटांवर मोजत होती आणि गुणगुणत होती, कारण साखरेचा आवाज पुन्हा येत होता. आता तो थोडा नव्हता. पोतं फाटावं तसा बारीक, सलग येत होता. सातव्या फोटोपासून तो रेघेच्या जागेवरून येत नव्हता. फलाटावरून येत होता. पंधराव्यानंतर बंद झाला.

तिने फळीकडे बघितलं नाही. कॅमेऱ्याच्या पडद्याकडेच बघत राहिली. काम करताना काम.

संगणकावर तिने एकोणीस फोटो ओळीने उघडले. पहिल्यात फलाटावरची माती गुळगुळीत होती. शेवटच्यात ती पार विसकटलेली होती, बाजार उठल्यावर मैदान दिसतं तशी. मधल्या फोटोंमध्ये डब्यांच्या पायऱ्यांपाशी धुरकट काहीतरी होतं. प्रत्येक फोटोत थोडं पुढे. तिने बाण दाबून धरला असता तर ते चालताना दिसलं असतं. तिने तो दाबून धरला नाही.

जुळवण्याचं बटण दाबलं. संगणकाचा एक नियम असतो, जे हलतं ते धुरकट येतं, आणि धुरकट ते तो टाकून देतो. जुळलेला फोटो लखलखीत निघाला. धुरकट काही नव्हतं, मातीसुद्धा पहिल्या फोटोतली गुळगुळीत आली. तिने आयुष्यात काढलेला सगळ्यांत सुंदर फोटो. अकरा चाळीसला तिने तो पाठवून दिला.

६

तीनच्या सुमाराला साहेबांचा फोन आला. बैठकीत फोटो फिरला होता. सगळे बराच वेळ बघत बसले, आणि पाडण्याचं काम थांबवायचं ठरलं. "लेखी सोमवारी मिळेल. मॅडम, मानलं तुम्हाला."

क्रांतीने खाली ओरडून सांगितलं. लालासाहेबांनी लेथ थांबवून कारागिरांना पेढे आणायला पिटाळलं आणि स्वतः जिन्याच्या तळाशी येऊन कडक सलाम ठोकला. ती हसली. जिंकल्यावर माणूस जसं हसतं तसं, मोकळं. मग तिने आप्पासोंना फोन लावला. त्यांना आवडणार नव्हतं, पण सांगायला तर हवं होतं.

"खोली राहिली, आप्पा."

आप्पासोंनी एवढंच विचारलं, "गाडी हुबी हाय का अजून?"

"आहे. आता उचलून ठेवते."

"उचलू नगंस. समदी बसली का?"

"कोण बसली?"

"बसली असत्याल तर आता सोड गाडी. खोळंबून ठिवायचं नसतं."

"कुठे सोडू?" तिचा आवाज चढला. "दोन फुटांवर रूळ संपतात, आप्पा! फळी संपते!"

"मिरज बेचाळीस किलोमीटर हाय तितनं," आप्पासो म्हणाले. टवाळी नव्हती, घाबरणंही नव्हतं. ड्युटीवरचा माणूस सांगतो तसं सांगितलं आणि फोन ठेवला.

हिशेब तिच्या डोक्यात आपसूक झाला. बेचाळीस किलोमीटर, सत्त्याऐंशी पट लहान. चारशे त्र्याऐंशी मीटर. तिला हसू आलं. अर्धा किलोमीटर प्लायवूड! फोन खिशात टाकून ती टेबलाशी गेली, आणि मागचा डबा दोन बोटांत धरून उचलू लागली.

डबा उचलला गेला नाही.

चाक रुळात अडकलं असेल. तिने दुसऱ्या हाताने फळी दाबून धरली आणि पुन्हा उचलला. तो केसभर वर आला. भरलेली कळशी जशी आधी रुसते आणि मग जडपणे सुटते, तसा. आत काहीतरी एका बाजूला कललं. तिने घाईने, अगदी अलगद, तो परत रुळांवर टेकवला.

डब्याच्या खिडक्या धूसर झालेल्या होत्या. हे तिला ठाऊक होतं. पारदर्शक प्लास्टिक ज्या डिंकाने चिकटवतात त्याची वाफ आत कोंडते आणि काचेवर पांढुरकं धरतं. नवशिक्यांची चूक. पण तिने हे डबे तीन वर्षांपूर्वी जोडले होते, आणि सकाळी आठ वाजता काचा स्वच्छ होत्या.

तिने भिंग घेतलं. हात स्थिर होता. खाली लालासाहेब कुणाला तरी मोठ्याने सांगत होते, "माज्या पोरीनं रेल्वे थांबवली, रेल्वे!"

पांढुरक्या काचेवर तिसऱ्या खिडकीत एक गोल स्वच्छ होता. टाचणीच्या डोक्याएवढा. ओल्या काचेवरून तळवा फिरवून बाहेर बघावं, तसा. कडेला एक थेंब ओघळलेला.

ती खिडकी फलाटाच्या बाजूची नव्हती. क्रांतीच्या बाजूची होती.

क्रांतीने भिंग खाली घेतलं नाही. शेजारच्या खिडकीची काचही आतून कुणीतरी पुसायला लागलं होतं.